एल्सीच्या नवऱ्याची ट्रीना

एल्सी टीडेमन पहिल्याच भेटीत आमच्यावर खेकसली होती. २००१च्या डिसेंबरात आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरात राहायला आलो आणि आठवड्याच्या आत मोठा बर्फ पडला. माझ्या नवऱ्यानं, गुरुनाथनं, हौसेनं फावडं घेतलं आणि आमच्या ड्राइव्हवेवरचा सगळा बर्फ शेजारच्या कुंपणाकडे लोटला. शेजारी एक जुनं पांढरं लाकडी घर होतं. त्याचं दार उघडलं आणि एक उंच, हाडकुळी म्हातारी अंगावर नवऱ्याचा कोट चढवून बाहेर आली.

"त्या बर्फात मीठ टाकलंयस तू," ती म्हणाली, "आणि खाली माझी फुलझाडं झोपलीत."

गुरुनाथ सॉरी सॉरी म्हणत तोच बर्फ पुन्हा उपसत बसला. संध्याकाळी म्हातारी केक घेऊन दारात उभी. मी म्हटलं, कशाला त्रास घेतलात, चूक आमचीच होती.

"ओरडले म्हणून नाही आणलेला. ओरडणं बरोबरच होतं. नवीन शेजारी आले की केक न्यायचा असतो, म्हणून आणलाय."

आमच्या अख्ख्या कॉलनीची जमीन एके काळी टीडेमनांची होती. माझी गॅसची शेगडी जिथं आहे तिथं मका उभा असायचा, असं ती सांगे. तेही हळहळून नाही, एखाद्या दुकानाचा पत्ता सांगावा तसं. नवऱ्यानं, वर्नरनं, म्हातारपणी जमीन बिल्डरला विकली, गोठा आणि धान्याचं कोठार पाडलं गेलं, आणि दोघांपुरतं घर आणि भोवतीचा तुकडा राहिला. कपडे ती बाहेर दोरीवरच वाळत घाली. कॉलनीच्या असोसिएशनला ते चालत नसे. "मी असोसिएशनच्या आधीपासून इथं आहे," एवढंच तिचं उत्तर. उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करी. ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या धुऊन चिमट्यानं अडकवी. माझी आई दुधाच्या पिशव्या अशाच धुऊन वाळत घालायची, त्यामुळे मला ती बाई परकी वाटली नाही.

वर्नर बोलत नसे. म्हणजे रागीट नव्हता. शब्द बेतानं वापरायचे अशी सवय. हवामानावर दोन वाक्यं, आणि जेवण झालं की "वाईट नाही." एल्सी म्हणायची, "आमच्या लग्नात 'हो' म्हणाला, त्यानंतर एवढं मोठं भाषण त्यानं केलेलं नाही."

नंतर तो विसरायला लागला. आधी चावी, मग चर्चचा रस्ता, मग दिवस. २००४च्या जानेवारीत तो पहाटे नुसते मोजे घालून बर्फात चालत निघाला. गुरुनाथला स्टेशनवर जाताना तो रस्त्याच्या कडेला सापडला. शिकागोची गाडी सोडून गुरुनाथनं त्याला कारमध्ये बसवून घरी आणलं. त्यानंतर महिन्याभरात एल्सीनं त्याला दहा मिनिटांच्या अंतरावरच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं. मुलगी कॅथी ॲरिझोनाहून येऊन कागदपत्रांवर सह्या करून गेली. एल्सी रोज दुपारी तिथं जाई आणि चारला परते. पण रस्ते निसरडे असले की तिला ड्राइव्ह करायची भीती वाटे, म्हणून मी सोडायला जाऊ लागले.

असंच एकदा सिग्नलला थांबलो असताना ती समोर बघत म्हणाली, "शुभा, तुझ्या नवऱ्यानं तुला सोडून दुसऱ्या बाईचं नाव घेतलं तर तू काय करशील?"

मला वाटलं, हिनं गुरुनाथला कुठं पाहिलं की काय. "कोणत्या बाईचं?"

"ट्रीना."

"कोण ट्रीना?"

"तेच मला कळत नाही," एल्सी म्हणाली. "रोज हाक मारतो. दुपारी तीन वाजले, बाहेरचा उजेड उतरायला लागला, की सुरू. मी शेजारी बसलेली असते. त्याचा हात माझ्या हातात असतो. आणि तो दाराकडे बघून ट्रीना, ट्रीना."

वर्नर तिला ओळखत नव्हता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, आणि तिनं ते गिळलंही होतं. त्याच्या आयुष्यातून सगळी नावं पुसली गेली असती तर तिनं सहन केलं असतं. पण एक नाव उरलं होतं, आणि ते तिचं नव्हतं. साठीला टेकलेला संसार. तिला माहीत असलेल्यांत ट्रीना नावाची एकही बाई नव्हती.

नर्सिंग होममधल्या मुली म्हणत, तो अर्थ नसलेलं काहीतरी बडबडतो. त्यातली एक पोलंडची, एक फिलिपिन्सची. ते जर्मन असणार हे एल्सीला कळत होतं. वर्नर लहानपणी घरात आजीची बोली बोले, हॅनोव्हरच्या बाजूच्या खेड्यातली. एल्सी मात्र शिकागोतल्या मुद्रकाची मुलगी, तिच्या घरी इंग्रजीच. चर्चमधला पाद्री कॅलिफोर्नियातला तरुण, त्यालाही जर्मन येत नव्हतं. आणि विचारायचं तरी कुणाला? नवरा कुण्या ट्रीनाला हाका मारतो, अर्थ सांगा, म्हणून?

कॅथी फोनवर म्हणाली, "मॉम, तो आजार आहे. लेट इट गो."

एल्सीनं सोडून दिलं नाही. तिनं टीडेमन घराण्याचा इतिहास काढायला घेतला.

आमच्या लायब्ररीत वंशावळी शोधणाऱ्यांसाठी एक खोली होती. तिथं निवृत्त लोक जुन्या जनगणनेच्या फिल्म यंत्रावर फिरवत बसत. कुणाला आपले पूर्वज सरदार निघतील अशी आशा असे, कुणाला नुसता वेळ घालवायचा असे. एल्सी तिथं बसली आणि चष्मा पुसत एकच गोष्ट शोधू लागली: वर्नरच्या तरुणपणी त्याच्या आसपास असलेली ट्रीना. गड्याची मुलगी, चर्चमधली मैत्रीण, दूरची चुलतबहीण, कुणीतरी. बायको जशी शोधेल तशी ती शोधत होती. चेहरा बरा असेल, वय आपल्याएवढं किंवा थोडं कमी.

तिच्याबरोबर जाऊन जाऊन मलाही ते घराणं पाठ झालं. वर्नरचे आजोबा योहान आणि आजी आना. १८८०च्या सुमाराला बोटीनं आले. योहान तिकडे दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, थोरल्या भावाला जमीन मिळाली आणि याला काही नाही, अशातला. इथं त्यांनी आधी दुसऱ्या जर्मन माणसाची जमीन कसली, मग ऐंशी एकर स्वतःची घेतली. एल्सीकडे त्यांचा एक फोटो होता. योहान खुर्चीत बसलेला, आना उभी, तिचे हात एप्रनखाली. "हात का लपवलेत माहितीये?" एल्सी म्हणाली. "सासूबाई सांगायच्या, मका सोलून सोलून तिची बोटं वाकडी झाली होती. फोटोवाल्याला ती म्हणाली, चेहरा काढ, हात माझे आहेत." सात मुलं झाली, चार जगली. घराचा नियम आनाचा: चर्चमध्ये इंग्रजी आली तरी स्वयंपाकघरात आपलीच बोली. वर्नरची आई लवकर गेली. एल्सीच्या सासूबाई म्हणजे वर्नरच्या वडिलांची दुसरी बायको, फार नंतर आलेली. वर्नरला वाढवलं ते आनानं, आजीनं.

एल्सी हे सगळं खरं तर वेगळ्याच कारणासाठी खणत होती, पण खणता खणता त्या म्हातारीच्या प्रेमात पडली होती. "ही बाई माझ्या चुलीवर रांधायची," ती म्हणे. "मी अजून तिच्याच कढईत अंडी तळते."

त्या शरद ऋतूत माझ्या सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. एल्सी आणि त्यांची जोडी जमायला भाषेची गरज पडली नाही. एल्सी भाजी निवडायला बसे, सासूबाई समोर बसून मेथी निवडत. त्यांना फक्त एक गोष्ट खटके.

"ऐंशीच्या बाईला एल्सी काय म्हणतेस गं? मावशी म्हण, काकू म्हण."

"आई, इथं सगळे नावानंच हाक मारतात."

"कुत्र्यालाही आणि म्हातारीलाही?"

त्या स्वतः तिला एल्सीबाई म्हणत. एल्सीला ते आवडे. आपल्याला कुठली तरी पदवी मिळाली आहे अशी तिची समजूत होती, आणि मी ती मोडली नाही.

नोव्हेंबरच्या एका सकाळी एल्सी केकचा डबा घेऊन आली. लिपस्टिक लावली होती. वर्नर होममध्ये गेल्यापासून मी ती तिच्या ओठांवर पाहिली नव्हती.

"सापडली," ती दारातूनच म्हणाली. "ट्रीना सापडली. बसा दोघी."

मी चहा ठेवला. सासूबाईंनी केककडे बघून विचारलं, "अंडं असेल ना?" मी हो म्हटलं. "असू दे. अर्धाच दे."

एल्सी सांगू लागली. जर्मनीतल्या त्या गावांकडे म्हणे रिवाजच होता: मुलीचं चर्चमध्ये ठेवलेलं पहिलं नाव आना, घरोघरी आना, म्हणून हाक मारायची ती दुसऱ्या नावानं. आजीच्या थडग्यावर आना के. टीडेमन लिहिलंय. तो 'के' कशाचा हे कुणाला माहीत नव्हतं. आता तिकडच्या चर्चच्या पत्रातून कळलं, आना काटरीना. काटरीनाचं लाडाचं नाव ट्रीना. एवढंच नाही, काटरीना आधी तिच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. ती लहानपणीच गेली, म्हणून पाठच्या मुलीला तेच नाव दिलं. "म्हणजे योहान तिला ट्रीनाच म्हणत असणार," एल्सी म्हणाली. तिच्या गालांवर रंग चढला होता. "वर्नर आजीला हाक मारतोय, शुभा. ज्या बाईनं त्याला वाढवलं तिला. आणि मी मूर्ख, रोज रात्री नटव्या पोरींची चित्रं डोळ्यांपुढे आणत होते."

मला इतका आनंद झाला की मी उठून तिला मिठी मारली. आजीची जुनी गोधडी ती वर्नरच्या पलंगावर ठेवून आली होती. आता तो शांत होईल, ती म्हणाली.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं. मी मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी केकचा घास चावत ऐकलं आणि हसल्या.

"आजीला नावानं हाक मारतो? थोबाडीत नाही बसली कधी?"

एल्सीही त्यांच्याबरोबर हसली. "काय म्हणाल्या? सांग ना."

मी हसत हसतच सांगितलं. एल्सीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं.

"ओमा," ती म्हणाली. "तो तिला ओमा म्हणायचा, म्हणजे आजी. थडग्यावर फुलं ठेवतानासुद्धा, ओमा."

तिनं कोट चढवला. बटणं एक घर चुकवून लावली, पुन्हा सोडली, आणि तशीच गेली. केकचा डबा आमच्याकडेच राहिला.

"मी काय वाईट बोलले गं?" सासूबाई म्हणाल्या.

गोधडीनं वर्नर शांत झाला नाही. हाका वाढल्या. एल्सी लायब्ररीत जायची थांबली. आता ती त्याच्याकडे जाताना तोंडावर असं काहीतरी ओढून घेई की मला गाडीत रेडिओ लावावा लागे. एकदा म्हणाली, "लग्नाआधी तो सैन्यात होता. फ्रान्समध्ये, मग जर्मनीत. तिथं त्याला बोली येत होती. तिथल्या मुलींशी बोलता येत होतं." आणि मग, "माझ्याशी मात्र हवामान."

डिसेंबरात नाताळची कार्डं आली. त्यात ऑर्व्हिलचं कार्ड होतं. ऑर्व्हिल म्हणजे टीडेमनांच्या शेजारच्या शेतावरचा मुलगा, वर्नरहून दोनेक वर्षांनी मोठा, आता दीड तासावर सुनेकडे राहणारा. वर्नर त्या बोलीत ज्याच्याशी बोले असा हा शेवटचा माणूस, पण त्याला विचारायची एल्सीला लाज वाटत आली होती. कार्ड दोन दिवस टेबलावर पडलं होतं. तिसऱ्या दिवशी एल्सी आमच्या मागच्या दारातून आली आणि म्हणाली, "मला तिकडे नेशील? मला काही का कळेना. पण कळू दे."

आम्ही शनिवारी निघालो. डेकाल्बच्या पुढं कापलेल्या मक्याचे खुंट बर्फातून वर आलेले, मैलच्या मैल. एल्सी केसांना पिना लावून, मोत्यांची माळ घालून बसली होती. सवतीकडे जाताना बाई जशी नीटनेटकी जाईल तशी.

ऑर्व्हिल खिडकीपाशी खुर्चीत होता. मोठा माणूस, कान त्याहून मोठे. सुनेनं कॉफी ठेवली आणि ती आत गेली. त्यानं वर्नरची चौकशी केली, मक्याच्या भावाबद्दल बोलला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "इंडियन? तुमच्याकडेही मका होतो म्हणे."

एल्सीनं कप खाली ठेवला. "ऑर्व्हिल, वर्नर एका बाईला हाका मारतो. मला तिचं नाव माहीत आहे. ती कोण होती ते तू मला सांगणार आहेस. माझं वय झालंय, मी मोडणार नाही."

"कोणती बाई? वर्नर आणि बाई?" ऑर्व्हिल हसायला लागला. "अगं, तुझ्याकडे यायचं धाडस व्हावं म्हणून त्यानं माझ्याकडून दोन बिअर घेतल्या होत्या."

"ट्रीना," एल्सी म्हणाली. "तो म्हणतो, ट्रीना, कुम रूट. ट्रीना, कुम रूट. सारखं तेच."

ऑर्व्हिलचं हसू थांबलं. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"त्याचा अर्थ, बाहेर ये," तो म्हणाला. "ट्रीना, बाहेर ये."

"कुठून बाहेर?"

"त्यानं तुला सांगितलं नाही? कधीच?"

"काय सांगितलं नाही?"

"त्याची बहीण गं," ऑर्व्हिल म्हणाला. "चार वर्षांची."

मग त्यानं सांगितलं. टीडेमनांच्या गोठ्याच्या वरच्या मजल्यावर ओट्स साठवायची मोठी लाकडी कोठी होती, माणूसभर खोल. तिच्या तळाशी एक फळी. खालच्या बाजूनं फळी ओढली की ओट्स घसरत बादलीत पडायचे. संध्याकाळी घोड्यांच्या बादल्या भरायच्या, हे काम वर्नरचं, आठ वर्षांचा होता तो. धाकटी सारखी त्याच्या पायात. तिच्या जन्माच्या वेळी आई गेलेली, त्यामुळे ती आजीची आणि त्याचीच. वर चढून ओट्समध्ये लोळायला तिला आवडायचं. तिला सगळे रागवायचे. त्या दिवशी ती वर आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं फळी ओढली. एक बादली भरली, दुसरी भरली, आणि ओट्स मध्येच अडले.

ऑर्व्हिल म्हणाला, "त्यानं फळीवर थापट्या मारल्या. ओट्स दमट असले की अडतात कधी कधी. आम्ही सगळेच मारायचो."

एल्सीनं तोंडावर हात ठेवला होता.

"मग दूध काढायची वेळ झाली आणि ती दिसेना. त्याला वाटलं, लपलीय. लपायची ती. अंधार पडेपर्यंत तो हाका मारत फिरला, ट्रीना, बाहेर ये. आमच्या शेतापर्यंत ऐकू येत होतं. माझे वडील कुऱ्हाड घेऊन गेले, त्यांनी कोठी फोडली."

आतून सुनेच्या भांड्यांचा आवाज येत होता. ऑर्व्हिल पुढं बोलला ते एल्सीकडे न बघता. आना आजी रडली नाही, निदान लोकांसमोर. तिनं शेजारपाजारच्या सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं, या पोराला अजून जगायचंय. आजपासून हे नाव याच्यासमोर कुणी घ्यायचं नाही. आणि खरंच कुणी घेतलं नाही. ना चर्चमध्ये, ना शाळेत. थडग्याच्या दगडावरसुद्धा तिनं नाव घालू दिलं नाही, नुसतं 'आमची छोटी'. नाव पुढच्या मुलीसाठी मोकळं राहायला हवं, असं तिच्या माहेरी मानायचे.

"घोड्यांचं काय केलं?" एल्सीनं विचारलं. असं काहीतरी विचारायचं असतं माणसाला.

"तेच ओट्स घातले," ऑर्व्हिल म्हणाला. "दुसरे कुठून आणणार?"

परतीच्या रस्त्यावर एल्सी तुकड्या-तुकड्यानं बोलू लागली. तो छोटा दगड तिनं शेकडो वेळा पाहिला होता. मे महिन्यात थडगी साफ करायला गेलं की वर्नर सगळ्यात आधी त्याच्याभोवतीचं गवत काढी. ती समजे, कुणाचं तरी जन्मतःच गेलेलं बाळ असेल. जनगणना दहा वर्षांनी होते. पोरगी दोन जनगणनांच्या मध्ये आली आणि गेली. लायब्ररीत तिचा मागमूस कसा लागणार? आणि चर्चच्या पानावर नाव दिसलं असतं तरी एल्सीनं ते ओलांडलं असतं. ती बाई शोधत होती, मूल नाही.

"बिल्डरनं गोठा पाडला त्या दिवशी तो केस कापायला गेला," ती म्हणाली. "मी त्याच्यावर चिडले होते. अशा दिवशी मला एकटीला सोडून केस काय कापतोस!"

थोड्या वेळानं, "कॅथीचं नाव मला सुझन ठेवायचं होतं. त्यानं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाला, कॅथरीन ठेवू. मी विचारलं, का? म्हणाला, बरं वाटतं कानाला."

मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली, कारण मला पुढचं दिसेना. एल्सी रडत नव्हती. ती रागावली होती. "दुसरी बाई असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मी तिच्याशी भांडले असते. यात मी कुणाशी भांडू? त्याच्या पलंगावर त्याच्या शेजारी मी निजत होते, शुभा. तो झोपेत दचकला की मी पाठीवर हात फिरवायची. विचारायची, काय झालं? म्हणायचा, पाय वळला."

त्या संध्याकाळी तिनं कॅथीला फोन केला आणि तिचं नाव कुणाचं आहे ते सांगितलं. कॅथीनं विचारलं, "तिचे केस कसे होते?" एल्सीला माहीत नव्हतं. ऑर्व्हिलला विचारायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑर्व्हिलला फोन लावला, पण केसांचं विचारायला नाही. "मी बाहेर आले, हे तुमच्या बोलीत कसं म्हणतात?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं ते फोनवर त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मग आमच्या स्वयंपाकघरात येऊन मेथी निवडणाऱ्या सासूबाईंसमोर ती सराव करू लागली. इक ब्यून रूट. इक ब्यून रूट. सासूबाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "तिला म्हणावं, आवाज लहान कर. एवढीशी पोर होती ती."

मी तेही एल्सीला सांगितलं. तिनं मान हलवली.

मी तिच्याबरोबर आत गेले. तीन वाजले, खिडकीतला उजेड पिवळा झाला आणि वर्नरची बोटं गोधडीच्या काठावर फिरू लागली. त्यानं दाराकडे पाहिलं. "ट्रीना," तो म्हणाला. "ट्रीना, कुम रूट."

एल्सी खुर्चीवरून उठली, त्याच्या नजरेसमोर येऊन वाकली आणि बारीक आवाजात म्हणाली, "इक ब्यून रूट."

तिचं लग्नातलं नाव, तिची ऐंशी वर्षं, सगळं तिनं त्या आवाजात बाजूला ठेवलं होतं. वर्नरनं तिच्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्यानं कुणाकडे असं पाहिलं नव्हतं. त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला, काहीतरी झटकावं तसा, केसांत अडकलेले दाणे काढावेत तसा. पुन्हा पुन्हा. मग तो रडला, आणि मग बोलायला लागला.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

त्यानंतर त्यानं कधी हाक मारली नाही. पण बोलणं थांबलं नाही. जन्मभर शब्द बेतानं वापरणारा तो माणूस रोज दुपारी बोलू लागला, तास तास, त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या बोलीत. मध्येच हसे. मध्येच आवाज खाली नेई, कुणी ऐकू नये अशा बेतानं. एल्सी त्याचा हात धरून बसे आणि थांबला की म्हणे, "यो." हो म्हणायला त्यांच्याकडे यो म्हणतात, हा तिचा दुसरा शब्द. तेवढ्यावर ती भागवत होती.

सासूबाई मार्चमध्ये परत गेल्या. जाताना त्यांनी एल्सीबाईंच्या हातात हळदीकुंकवाची पुडी दिली आणि तिचा हात सोडेनात.

एप्रिलमध्ये वर्नर खंगत गेला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा बघेल असं वाटत नाही. मी एल्सीला म्हटलं, "ऑर्व्हिलला एकदा घेऊन येऊ या. नाही तर मी टेपरेकॉर्डर आणते, उशीशेजारी ठेवू. नंतर तो ऐकून सांगेल तुला, वर्नर काय काय बोललाय ते. तुला कळायला हवं. इतकी वर्षं तू वाट पाहिलीस."

"नको," एल्सी म्हणाली.

"का?"

"तो तिला सांगतोय. माझ्यासाठी असतं तर इंग्रजीत सांगितलं असतं. वेळ भरपूर होता."

मे महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी मी तिला आणायला गेले. त्या दिवशी वर्नर एवढं बोलला होता की घसा बसला होता, आणि बोलता बोलताच त्याला झोप लागली होती. एल्सीनं त्याचे हात गोधडीत घातले, पडदा ओढला. गाडीत बसल्यावर तिनं सीटबेल्ट लावला आणि पर्स मांडीवर धरली.

"आज खूप बोलला," ती म्हणाली. "साठ वर्षांत एवढा कधी बोलला नव्हता माझ्याशी."

मी गाडी सुरू केली.

"माझ्याशी नाही," ती म्हणाली. "चल."